पुढच्याची पाठ

१९४८ ते १९५२ या काळात धावपटू एमिल झाटोपेकची पाठ फ्रान्सच्या अलँ मिमूनइतकी पाहिलेला दुसरा माणूस जगात नसावा. झाटोपेकची बायको डाना हिचाही अपवाद करायचं कारण नाही. तिच्या वाट्याला निदान चेहरा तरी यायचा. मिमूनच्या वाट्याला आलं ते चेकोस्लोव्हाकियाचं लाल बनियन, त्यावर पिनांनी टाचलेला नंबर आणि त्याच्याही वर या खांद्यावरून त्या खांद्यावर लोळणारं, केस विरळ होत चाललेलं एक डोकं. हे दृश्य त्याने लंडनला पाहिलं, ब्रुसेल्सला पाहिलं, हेलसिंकीला तर एकाच आठवड्यात दोनदा पाहिलं.

निकाल वाचले तर जुळाऱ्याने एकच ओळ चुकून पुन्हा पुन्हा लावली असावी असं वाटतं. लंडन ऑलिंपिक, १९४८, दहा हजार मीटर : झाटोपेक पहिला, मिमून दुसरा. युरोपीय अजिंक्यपद, ब्रुसेल्स, १९५०, दहा हजार मीटर : झाटोपेक पहिला, मिमून दुसरा. तिथेच पाच हजार मीटर : झाटोपेक पहिला, मिमून दुसरा. हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२, दहा हजार : तेच. पाच हजार : तेच. लंडनला दोघांत जवळपास ४८ सेकंदांचं अंतर होतं. हेलसिंकीच्या पाच हजारांत ते आठ दशांश सेकंदांवर आलं. प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी होती. पदकाचा रंग मात्र हट्टाला पेटला होता.

लोक मिमूनला झाटोपेकची सावली म्हणू लागले. यातही थोडा अन्याय होताच. सूर्य मागे असला की सावली माणसाच्या पुढे पडते; मिमूनला तेवढीही सवलत मिळाली नव्हती.

आता ज्याच्या पाठीचं इतकं कौतुक चाललं आहे, तो माणूस धावताना बघवत नसे. मान एका अंगाला कललेली, जीभ बाहेर, कपाळावर आठ्या आणि चेहऱ्यावर आता पडेल की मग, असा भाव. दोन्ही बुटांत विंचू असल्यासारखा धावतो, असं एका वार्ताहराने लिहिलं. प्रशिक्षक आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देत ते असं धावू नये म्हणून. यावर झाटोपेकचं म्हणणं असं की, एकाच वेळी धावायचं आणि हसायचं एवढी प्रतिभा आपल्यात नाही.

धावण्याच्या क्षेत्रात तो आला तोही आढेवेढे घेतच. झ्लीनला बाटाच्या बुटांच्या कारखान्यात तो कामाला होता. १९४१ साली कारखान्यातल्या क्रीडा प्रशिक्षकाने त्याला आणि आणखी काही पोरांना शर्यतीत उतरायला फर्मावलं. झाटोपेकने अंगात ताकद नसल्याची सबब सांगितली. ती शाळेत पी.टी.च्या तासाला आपण सगळ्यांनीच सांगितलेली आहे. फरक इतकाच की, इथे डॉक्टरने तपासून पोरगा ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. झाटोपेक नाइलाजाने धावला आणि शंभरेक जणांत दुसरा आला. पुढे ज्याने मिमूनला वर्षानुवर्षं दुसरा ठेवलं, त्याची स्वतःची सुरुवात दुसऱ्या नंबरापासून झाली, ही गोष्ट मिमूनला कुणी वेळेवर सांगितली असती तर त्याला जरा धीर आला असता.

पण एकदा पळू लागल्यावर गडी थांबेना. चारशे मीटर जोरात धावायचं, थोडं हळू व्हायचं, पुन्हा चारशे मीटर जोरात, असे वीस-वीस फेरे तो मारी. पुढे पुढे तर दिवसात शंभर. सैन्यात असल्यामुळे लष्करी बूट घालून धावे. घरी टबात कपडे भिजत घालून त्यांच्यावर जागच्या जागी धावल्याचंही सांगतात. एका श्रमात धुणं आणि सराव दोन्ही उरकणारा नवरा ऑलिंपिकच्या इतिहासात बहुधा हा एकच.

समोर असा माणूस असला की मागून धावणाऱ्याने काय करायचं? एक तर गोल्फ शिकायचा. किंवा त्याच्या मागोमाग जात राहायचं.

मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ चढणाऱ्या कुणालाही हा दुसरा मार्ग समजावून सांगावा लागत नाही. तीस-एक किलोमीटर झालेले असतात, पोटऱ्या बोलू लागलेल्या असतात, महिनाभर ऐकलेली सगळी प्रेरक भाषणं वरळीतच गळून पडलेली असतात. अशा वेळी धावणारा पुढच्या गर्दीतून एक पाठ निवडतो. ती सहसा सर्वात वेगवान माणसाची नसते. तो केव्हाच अंघोळ करून बसलेला असतो. निवडलेले गृहस्थ पन्नाशीपुढचे असतात, कमरेभोवती थोडी शिल्लक असते, टी-शर्टवर कुठल्यातरी जुन्या स्पर्धेचं नाव असतं. ‘या काकांना तरी गाठायचंच’ असा निश्चय होतो. काका गाठले जात नाहीत. चढ संपतो, उतार संपतो, काका तेवढ्याच अंतरावर डुलत डुलत चाललेले असतात आणि मागच्याचा टाइम मात्र गेल्या वर्षापेक्षा सुधारलेला असतो. काकांना यातलं काही ठाऊक नसतं. या व्यवहारात सगळे कष्ट मागच्याचे असतात. पुढच्याने फक्त पुढे असायचं असतं.

मिमूनकडे कष्टांचा साठा भरपूर होता. तो जन्मला १९२१ साली अल्जीरियात, तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यातून लढला आणि १९४४ साली इटलीत, मोंते कासिनोच्या लढाईत, त्याच्या पायात तोफगोळ्याचे तुकडे घुसले. पाय कापायचं जवळजवळ ठरलं होतं. तो कसाबसा वाचला. चार वर्षांनी त्याच पायांनी त्याने लंडनला रौप्यपदक मिळवलं. पोटासाठी तो पॅरिसच्या एका क्रीडा क्लबात वेटरचं काम करी. दिवसभर लोकांच्या मागेपुढे ट्रे घेऊन धावायचं आणि उरलेल्या वेळात झाटोपेकच्या मागे.

पण तीच पाठ प्रत्येकाला मानवतेच असं नाही. त्याचा दाखला हेलसिंकीतच मिळाला.

१९५२चं हेलसिंकी मराठी माणसाला आठवतं ते खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे. त्याच ऑलिंपिकमध्ये पाच आणि दहा हजार मीटर खिशात टाकून झाल्यावर झाटोपेकने मॅरेथॉनलाही नाव दिलं. याआधी तो आयुष्यात एकही मॅरेथॉन धावला नव्हता. किती वेगाने धावायचं असतं याची त्याला कल्पना नव्हती, म्हणून त्याने सोपा मार्ग काढला : ज्याला येतं त्याच्या शेजारी राहायचं. ज्याला येत होतं तो इंग्लंडचा जिम पीटर्स. सहाच आठवड्यांपूर्वी त्याने २ तास २० मिनिटं ४२ सेकंदांची जगातली सर्वोत्तम वेळ दिली होती. झाटोपेकने त्याचा नंबर वर्तमानपत्रात पाहून ठेवला, शर्यत सुरू झाल्यावर त्याला हुडकून काढलं आणि रीतसर स्वतःची ओळख करून दिली.

बरंच अंतर झाल्यावर त्याने पीटर्सला विचारलं की, हा वेग बरोबर आहे ना? पीटर्स आधीच जोरात निघाला होता आणि दमला होता. नवख्याला चकवावं म्हणून त्याने सांगितलं की, वेग फार कमी आहे. झाटोपेकने ते खरं मानलं, विचारलं ते बरं झालं अशा चेहऱ्याने वेग वाढवला आणि निघून गेला. पीटर्स बराच पुढे गेल्यावर पायात गोळे येऊन रस्त्याच्या कडेला थांबला. थट्टा करायलाही दम शिल्लक लागतो.

झाटोपेक वाटेत सायकलवाल्यांशी, छायाचित्रकारांशी, पोलिसांशी गप्पा मारत २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत पोचला. ऑलिंपिकचा विक्रम त्याने सहा मिनिटांहून अधिक फरकाने मोडला. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा गोर्नो अडीच मिनिटांनी आत आला, तेव्हा झाटोपेक त्याच्या स्वागताला उभा होता. जमैकाच्या रिलेवाल्या पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. एवढं सगळं झाल्यावर त्याने मत दिलं की, मॅरेथॉन हा फार कंटाळवाणा प्रकार आहे.

त्या हेलसिंकीत आणखी एक गंमत होती. उद्घाटनाला मैदानात मशाल घेऊन आला फिनलंडचा जुना धावपटू पावो नुर्मी, आणि मनोऱ्यावरची ज्योत पेटवली त्याच्याही आधीच्या हान्नेस कोलेहमायनेनने. १९१२ साली कोलेहमायनेनने स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पराक्रम केला, तेव्हा पंधरा वर्षांच्या नुर्मीने पेटून उठून धावायचे बूट घेतले. पुढे नुर्मीच्या गोष्टींवर झाटोपेक वाढला. म्हणजे एका स्टेडियममध्ये एकाच वेळी पाठींची तीन पिढ्यांची वंशावळ हजर होती आणि चौथ्या पिढीचा मिमून रौप्यपदकाच्या तयारीत होता. या कोलेहमायनेनने १९२०ची अँटवर्पची मॅरेथॉन जिंकली, त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी धावणारी मंडळी पाहिली, त्यातून भारताचा तो पहिला संघ निघाला. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. कोलेहमायनेन त्यांच्या पुढे अठरा मिनिटं, त्यामुळे त्याची पाठ त्यांना दिसली असलीच तर सुरुवातीपुरतीच. पण फिनलंडची ती थोर पाठ बघायला बेळगावचा एक माणूस वेळेवर पोचला होता, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

मग आलं १९५६चं मेलबर्न.

मिमून पस्तिशी संपवत होता. या वयात पाच हजार मीटरवाले सहसा पंच होतात. मिमूनने मॅरेथॉनला नाव दिलं, तेही आयुष्यात पहिल्यांदाच. झाटोपेकही धावणार होता. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि डॉक्टरांनी त्याला इतक्यात धावू नको म्हणून बजावलं होतं. कारखान्यातल्या डॉक्टरने धाव म्हटलं तेव्हा त्याला धावायचं नव्हतं, आता नको म्हटलं तर तो ऐकेना. डॉक्टरांशी त्याचं पहिल्यापासूनच जमलं नसावं.

मिमूनला नंबर मिळाला तेरा. कच्च्या मनाचा माणूस तिथेच खचला असता, पण मिमूनकडे त्यावर तोडगे होते. शर्यतीच्या तोंडावर त्याला निरोप मिळाला की, घरी मुलगी झाली आहे. तिचं नाव ऑलिंप ठेवण्यात आलं. दुसरा तोडगा थेट पंचांगाचा होता. १९०० साली ऑलिंपिक मॅरेथॉन फ्रान्सच्या नावावर लागली होती. १९२८ साली अॅम्स्टरडॅमला ती पुन्हा फ्रान्सने जिंकली, तीही बुघेरा एल वाफी या मूळच्या अल्जीरियाच्याच धावपटूने. दोहोंत अंतर अठ्ठावीस वर्षांचं. १९२८मध्ये अठ्ठावीस मिळवले की येतात १९५६. एवढा सज्जड पुरावा आपल्याकडे कुंडली जुळवतानाही मिळत नाही. (हे गणित पुढे चालवायला जाऊ नये. १९८४ साली पोर्तुगालच्या कार्लोस लोपेसने ते मोडीत काढलं.)

१ डिसेंबरचा दिवस म्हणजे ऑस्ट्रेलियातला उन्हाळा. ऊन चांगलंच तापलं होतं. शर्यत सुरू झाली तीच चुकीची. बंदुकीच्या आधीच काही जण निघाले, म्हणून सगळ्यांना परत बोलवावं लागलं. बेचाळीस किलोमीटर आणि १९५ मीटर धावायचे असताना सुरुवातीचा अर्धा सेकंद वाचवायला निघालेली ही मंडळी कोण होती कोण जाणे; आपल्याकडे ती सिग्नलवर रोज भेटतात.

रस्ता सरळ जाऊन, वळून त्याच वाटेने परत येणारा होता. निम्म्या वाटेच्या सुमारास मिमून पुढे निघाला आणि वळसा घालून परतीला लागला. अशा रस्त्यावर एक सोय असते : परत निघालेल्याला मागून येणारे समोरून दिसतात. मोठ्या स्पर्धांत आजवर पाठीवरूनच ओळखलेला झाटोपेक मिमूनला शर्यत चालू असताना इथे बहुधा पहिल्यांदाच समोरून दिसला असणार. तो चेहरा पाहून त्याला काय वाटलं असेल, हे सांगणं कठीण आहे. झाटोपेकचा चेहरा ठीक असतानाही वाईट दिसायचा, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधण्यात अर्थ नव्हता.

मिमून पळत राहिला. डोक्याला बांधलेला पांढरा रुमालसुद्धा जड वाटू लागला, तो त्याने काढून फेकला. स्टेडियममध्ये शिरला तेव्हा त्याच्या पुढे कुणी नव्हतं. २ तास २५ मिनिटं. सुवर्ण. या खेपेस सावली पुढे पडली होती.

यानंतर विजेत्याने काय करायचं याचे संकेत ठरलेले आहेत : हात उंचवायचे, झेंडा घ्यायचा, फोटो काढू द्यायचे. मिमून त्या भानगडीत पडला नाही. तो अंतिम रेषेजवळ थांबून राहिला आणि बोगद्याकडे पाहत राहिला. दीड मिनिटाने युगोस्लाव्हियाचा मिहालिच आला. मग फिनलंडचा कार्व्होनेन आला. मग कोरियाचा धावपटू आला, जपानचा आला. यांतल्या कुणाशीही मिमूनचं भांडण नव्हतं, पण त्याला हवा होता तो यांत नव्हता. इतकी वर्षं ज्याच्याशी हिशेब चालला, त्याची सही झाल्याशिवाय खातं बंद करायला तो तयार नव्हता.

साडेचार मिनिटांनी, सहाव्या नंबरावर, झाटोपेक आला आणि रेषा ओलांडून गुडघ्यांवर बसला. त्याला कोण जिंकलं हेसुद्धा ठाऊक नसावं. मिमून जवळ गेला आणि जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाला, एमिल, तू माझं अभिनंदन नाही करणार? मी जिंकलो. झाटोपेक उठला, डोक्यावरची टोपी काढली, त्याला लष्करी सलाम ठोकला आणि मिठी मारली. पदकापेक्षा आपल्याला ती मिठी मोठी वाटली, असं मिमून पुढे आयुष्यभर सांगत राहिला. सोनं जिंकणारे ऑलिंपिकमध्ये दर दिवशी निघतात; सहाव्या आलेल्याकडून पावती घ्यायला ताटकळलेला विजेता मात्र विरळाच.

त्याच मेलबर्नच्या मैदानावर, काही दिवस आधी, उद्घाटनाची ज्योत एका एकोणीस वर्षांच्या स्थानिक धावपटूने पेटवली होती. मशालीच्या ठिणग्यांनी त्या पोराचा हात भाजला. त्याचं नाव रॉन क्लार्क. पुढच्या दहा वर्षांत त्याने जागतिक विक्रमांची रास घातली, पण ऑलिंपिकचं सुवर्ण काही त्याच्या नशिबी नव्हतं. १९६४ साली टोकियोत दहा हजार मीटरमध्ये मिळालं ते कांस्य. १९६६ साली क्लार्क प्रागला गेला, तेव्हा निरोप देताना झाटोपेकने विमानतळावर त्याच्या हातात एक छोटी पुडी सरकवली. तो काळ आणि तो देश पाहता, आपल्याकडून काहीतरी चोरून बाहेर पाठवलं जात आहे, अशी शंका क्लार्कला आली. विमानाने प्राग सोडल्यावर त्याने पुडी उघडली. आत झाटोपेकचं हेलसिंकीचं, दहा हजार मीटरचं सुवर्णपदक होतं. म्हणजे ज्या शर्यतीत मिमून दुसरा आला होता, तेच. ती बातमी ऐकून मिमूनच्या मनात एखादा बारीक विचार येऊन गेला असेल तर त्याला कुणी दोष देऊ नये.

मिमूनने मात्र पळणं थांबवलं नाही. १९५७-५८च्या सुमारास झाटोपेक शर्यतींतून बाहेर पडला, तरी याची गाडी चालूच. १९६०ला रोमच्या मॅरेथॉनमध्ये तो चौतिसावा आला. अनवाणी धावलेल्या अबेबे बिकिलासकट तेहतीस जणांच्या पाठी त्या रात्री त्याच्यापुढे होत्या. तरीही १९६६ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो मॅरेथॉनचा फ्रेंच विजेता होता. झाटोपेक २००० साली गेला आणि मिमून २०१३ साली, ब्याण्णव वर्षांचा होऊन. या दोघांत शत्रुत्व होतं असं पसरवायचा प्रयत्न कुणी केलाच तर त्याला यश येण्यासारखं नव्हतं, कारण मिमून त्याला सरळ भाऊ म्हणत असे.

या सगळ्या प्रेरणाप्रकरणावर सर्वात रोखठोक मत मात्र झाटोपेकच्या घरातच होतं. डाना आणि एमिल दोघेही १९ सप्टेंबर १९२२ रोजी जन्मलेले. गुणमेलन करणाऱ्या गुरुजींना दक्षिणा घ्यायला लाज वाटावी असं स्थळ. हेलसिंकीत ज्या दिवशी त्याने पाच हजार मीटर जिंकली, त्याच दिवशी थोड्याच वेळाने तिची भालाफेक होती. तिने त्याचं पदक शुभशकुन म्हणून आपल्या पिशवीत टाकलं आणि पहिल्याच फेकीत भाला ५० मीटर ४७ सेंटीमीटरवर रोवला. सुवर्ण, शिवाय ऑलिंपिक विक्रम. नंतर वार्ताहरांसमोर झाटोपेकने ऐटीत सांगितलं की, हिच्या पदकाचं थोडं श्रेय आपलंही आहे. आपल्या विजयानेच तिला स्फूर्ती मिळाली. डाना म्हणाली, असं का? मग जा, दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती दे आणि बघ ती पन्नास मीटर फेकते का.

१९६०ला रोममध्ये ती पुन्हा उतरली. अडतिसावा वाढदिवस तोंडावर आलेला, नवरा धावपट्टीवरून निवृत्त, पिशवीत टाकायला त्याचं त्या दिवशीचं ताजं पदक नाही. तिने रौप्य मिळवलं. भाला हेलसिंकीपेक्षा तीन मीटरहून जास्त लांब गेला होता.